जर्मन फिटरनं काढलेला फोटो

माझ्या बायकोचा तरुणपणचा उघडा चेहरा एकाच फोटोत होता, आणि तो फोटो मी माझ्या हातानं चुलीत घातला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी माझी कीव करायला नको.

ती गेल्यावर मुलानं मला जर्मनीत आणलं, रेगेन्सबर्गला. तो तिथं गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. येताना मी एक पत्र्याचा डबा तेवढा आणला. राजस्थानच्या वाळवंटातल्या तांब्याच्या खाणीवरची आमची पहिली वर्षं त्या डब्यात आहेत. हजेरीचा पितळी बिल्ला, गेटपास, कँटीनची कुपनं, आणि दहा-बारा फोटो. तंबूंची रांग, उंटाच्या पाठीवर ड्रिलच्या सळया, पाण्याच्या टँकरपुढे घागरी घेऊन बसलेल्या बाया. त्या बायांत ती आहे. कुठली ते मलाच माहीत, कारण सगळ्यांचे पदर हनुवटीपर्यंत.

मी चौथी शिकलेला. कोयनेच्या बोगद्यावर ड्रिल धरायला शिकलो, तेवढ्या जोरावर वाळवंटात गेलो. तेव्हा तिथं गाव नव्हतं, नुसतं एक भोक होतं जमिनीत. वर्षभरानं हिला नेलं. तिकडच्या बायका परक्या पुरुषापुढे तोंड झाकायच्या, म्हणून मीही हिला झाकायला लावलं. आमच्या घरात तशी पद्धत नव्हती. पण चार माणसांत नाव ठेवून घ्यायचं नव्हतं मला.

माणसं खाली-वर नेणारा पाळणा बसवायला जर्मनीहून एक फिटर आला होता. त्याला कँटीनचं पचेना. आमच्या तंबूत येऊन तो बाजरीची भाकरी खायचा. एकदा मी पाळीवर असताना त्यानं चमचाभर ठेचा तोंडात टाकला, आणि त्याची दशा बघून ही हसत सुटली. त्यानं डोळे पुसत कॅमेरा उचलला. तो परत गेल्यावर फोटो पोस्टानं आला. पोस्ट सगळं गेटवर यायचं. पाकीट टाइमकीपरनं फोडलं आणि फोटो माझ्याआधी अख्ख्या पाळीनं बघितला. सांगलीकडचा एक ड्रिलवाला होता, तो सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी जर्मनीला पोचल्या की रे, तू अजून तीनशे फूट खालीच."

घरी येऊन मी तो तिच्यासमोर चुलीत टाकला. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही तिचा. एवढंच म्हणाली, "अहो, आईला पाठवायचा होता."

तिच्या आईनं तिला दोन वर्षं पाहिलं नव्हतं. नंतरही पाहिलं नाही. म्हातारी त्याच उन्हाळ्यात गेली.

त्यानंतर कॅमेरा दिसला की ही पदर ओढायची. मुलाच्या मुंजीत ओढला, लग्नातही ओढला. मुलगा चिडायचा. जर्मनीला यायचं म्हणून पासपोर्ट काढला तेव्हा तेवढं तोंड उघडलं. पासपोर्ट वापरायच्या आधी ती गेली. तोच फोटो मोठा करून मुलानं भिंतीवर लावलाय. त्यात ती अशी बघते, जसं रांगेत तिच्यापुढे कोणी घुसलंय.

तिच्या ट्रंकेत साड्यांखाली नाताळची चार कार्डं सापडली होती. फिटरनं पाठवलेली. तिला वाचता येत नव्हतं, तरी जपली होती. मला कधी दाखवली नाहीत. तीही मी डब्यात घालून आणली. मुलानं मागचा पत्ता वाचला आणि म्हणाला, अण्णा, हे गाव इथून ट्रेननं दीड तासावर आहे. त्यानं पत्र टाकलं. फिटर वारलेला होता. त्याच्या बायकोनं उत्तर लिहिलं, या, स्लाइड आहेत.

बाई ऐंशीच्या आसपासची, ताठ. दारात आम्हा दोघांशी हात मिळवला, कॉफी दिली, मग भरदुपारी पडदे ओढून प्रोजेक्टर लावला. भिंतीवर वाळवंट उभं राहिलं. तंबू, उंट, लाकडी सांगाडा, हेल्मेट घातलेला मी. आणि मग खट् झालं आणि ती आली. दरवाजाएवढी. पदर कमरेला खोचलेला, कपाळावर पीठ, डोळे मिटेपर्यंत हसलेली. मी खुर्चीची कड धरून बसलो.

बाईनं मुलाला काहीतरी विचारलं. तो मला म्हणाला, "अण्णा, ती विचारते, फोटो पोचला होता का? तिचे मिस्टर शेवटपर्यंत विचारायचे म्हणे."

मी म्हटलं, "सांग, मी जाळला."

मुलाला हे माहीत नव्हतं. मग बाईकडे वळून म्हणाला, "या, या," म्हणजे हो, हो, आणि पुढं बरंच काही, आईबद्दल आणि फोटोबद्दल. बाईचा चेहरा उजळला. म्हणजे तुमच्याकडे आहेच तर, असं काहीतरी ती म्हणाली आणि तिनं बटण दाबलं. खट्. भिंतीवर उंट आला.

मी तिथं गप्प बसलो असतो तर अब्रू राहिली असती, पण बायको पुन्हा हातची गेली असती. मी म्हटलं, "नाइन," नाही म्हणायला तेवढा एक शब्द येत होता. दोन बोटांत काडी धरल्यासारखं केलं आणि ओढली. बाईला कळलं. मग तिनं एकच शब्द विचारला. मुलगा सांगेना. मी म्हटलं, सांग.

"का, म्हणते."

"लोक हसले म्हणून. जसंच्या तसं सांग."

त्यानं सांगितलं. बाई उठली, पडदे उघडले, हिची स्लाइड काढून माझ्या तळहातावर ठेवली. अजून गरम होती. निघताना तिनं मुलाशी हात मिळवला, माझ्याशी नाही. मीही तिच्या जागी मिळवला नसता.

ट्रेननं परत निघालो. रेगेन्सबर्ग आल्यावर मुलगा म्हणाला, "माझ्या लग्नात मी तिच्यावर ओरडलो होतो, अण्णा. पदरावरून."

हाच फोटो मोठा करून भिंतीवर लावू, असं तो म्हणतो आता. लाव म्हटलं. तोवर ती स्लाइड माझ्या खिशात असते. दोन बोटांत मावेल एवढी. सकाळी खिडकीच्या उजेडात धरतो. हसते. पण माझ्याकडे बघून नाही. मी तेव्हा तीनशे फूट खाली होतो.