केरवाच्या झाडीत ठेवलेलं पान

वडिलांच्या श्राद्धाचं पान मी सागाच्या झाडाखाली ठेवलं, दहा पावलं मागे सरकलो आणि "का, का" करत उभा राहिलो. त्या झाडाला गुडघ्याएवढ्या उंचीवर एक हिरवट पेटी पट्ट्यानं बांधलेली होती. मला वाटलं, विजेचं मीटर असेल. झाडीत मीटर कुणाचं, हा प्रश्न गोविंदपुऱ्याच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं मोजमापाची यंत्रं तपासणाऱ्या माणसाला पडला नाही.

पान इतक्या लांब न्यायचं कारण असं की आमच्या कॉलनीत हल्ली कावळे फिरकत नाहीत. सकाळपासून गच्चीवर पान ठेवून बसलो, तर आली ती कबुतरं. खाली आई जेवायची थांबलेली. कावळा शिवल्याशिवाय ती पाण्याखेरीज काही घेत नाही, आणि तिला मधुमेह. दोन वाजले तशी बायको म्हणाली, "अहो, केरवा धरणाकडे तरी बघून या. तिकडे झाडी आहे." मी पान डब्यात भरलं आणि स्कूटर काढली.

तिकडेही कावळा नव्हता. अर्धा तास थांबलो, दोनदा घड्याळ बघितलं, नमस्कार केला आणि घरी येऊन सांगून टाकलं, "लगेच शिवला." आई जेवली. मला वाटलं, विषय संपला.

चौथ्या दिवशी वनखात्याचा गार्ड दारात. स्कूटरच्या नंबरावरून पत्ता काढून आलेला. "सर, ये आप ही हैं ना?" त्याच्या मोबाईलवर मी होतो, हात जोडलेले, तोंड 'का'साठी उघडं. ती पेटी म्हणजे कॅमेरा. समोर काही हललं की आपोआप फोटो काढतो, त्यावरून कुठलं जनावर कधी, कुठून जातं ते कळतं. "पहले मिट्टी में पंजों के निशान देखते थे, अब ये भी है," गार्ड म्हणाला. पेटी बांधली होती वाघासाठी. आलो मी.

आई चष्मा लावून पुढे झाली. माझं घड्याळ बघणं, स्कूटरकडे वळणं, सगळं क्रमानं सरकत गेलं. कावळा एकाही फोटोत नाही. बायको माझ्याकडे बघत होती, मी मोबाईलकडे. मग तिन्हीसांजेला आला कोल्हा. आधी वडा तोंडात, मग खीर चाटताना, आणि शेवटी पान साफ, फक्त कारल्याची भाजी तशीच.

मी बोलणी खायच्या तयारीत होतो. आई म्हणाली, "कारलं ठेवलं बघ. ह्यांनीही कधी तोंडाला लावलं नाही."

खोटं पकडलं गेलं होतं, आणि आईचा चेहरा तर उजळलेला.

"पुढच्या वर्षीही तिथेच ठेव रे," ती म्हणाली.

गार्ड बैतूलकडचा, त्याला मराठी कळत होती. तो गडबडला. "नहीं माताजी. वो रोज़ शाम को उसी जगह आ रहा है. खाना नहीं मिलता तो ढूँढते-ढूँढते सड़क तक चला जाता है. वहाँ गाड़ियाँ देखी हैं आपने?" त्यानं कालचा फोटो दाखवला. तीच जागा, तोच कोल्हा, नाक मोकळ्या जमिनीला लावलेलं.

आई खुर्चीत बसली. "म्हणजे आपल्या वड्यापायी त्याचा जीव जायचा?"

"कोई कुछ न रखे, तो भूल जाएगा," गार्ड म्हणाला. "शायद," असंही पुटपुटला.

तो गेल्यावर माफी नक्की कुणाची मागायची ते मला ठरवता येईना. वडिलांची, आईची, की त्या कोल्ह्याची?

संध्याकाळी ताट वाढताना बायको म्हणाली, "पुढच्या वर्षी पान गच्चीवरच. कावळा नाही आला तर मला सांगा, आईंना जेवायला मी बसवते. खोटं बोलायला एवढं पेट्रोल जाळू नका. आणि ते कारलं बाजूला सारू नका, बघतेय मी."