खोट्या सुयांची डबी

मिलिंद गेल्याची खबर मला बिलोलीच्या स्टँडवर फोनवर कळली आणि पहिला विचार आला तो आईला कसं सांगायचं हा. देगलूरला घरी पोचलो तर ती पाय पसरून ओट्यावर बसलेली. माझं तोंड बघूनच म्हणाली, "सुटलं का लेकरू?" मी नुसती मान हलवली. त्याला आता दीड महिना होईल...

मिलिंद माझा शाळेपासूनचा दोस्त. नांदेडला डॉक्टर झाला आणि पुढं ॲक्युपंक्चरच्या नादाला लागला. बाकीचे डॉक्टर टिंगल करायचे, म्हणून इरेला पेटून त्यानं गुडघेदुखीवर अभ्यास मांडला. निम्म्या पेशंटांना खरी सुई, निम्म्यांना खोटी, म्हणजे कातडीला टेकली की न टोचता आपल्याच दांडीत सरकणारी. आपल्याला कुठली हे अभ्यास संपल्यावरच कळायचं. हे सगळं समजावून, अंगठा घेऊन त्यानं माझ्या आईलाही त्यात घेतलं. आमच्याकडं सुई दिल्याशिवाय डॉक्टर खरा वाटतच नाही, त्यामुळं ती खुशीत गेली. "जयभीम मावशी, दुखणं दहात किती?" तो विचारायचा. "दहात बारा," आई म्हणायची. पण बाराचं उतरत गेलं. ती मांडी घालून बसायला लागली, एकटी एसटीत चढायला लागली. "मिलिंदाच्या हाताला लई गुण हाय," असं गल्लीभर सांगत सुटली.

अभ्यास संपला आणि खऱ्या-खोट्या सुयांचा निकाल जवळपास सारखाच निघाला. मिलिंद खचला. तरी एकेकाच्या घरी जाऊन सांगायला निघाला. मी म्हणालो, "गप बस की. आई चालून राहिली ना?" तर म्हणे, "शब्द दिलाय रे." मला अजून त्याचा राग येतो. आमच्या ओट्यावर बसून त्यानं सांगितलं, मावशी, तुम्हाला सुई टोचलीच नव्हती. आई हसली. "मंग आता खरी टोच. अन् ही खोट्याची डबी ऱ्हाऊ दे माझ्यापाशी, तिनंच मला गुण आलाय." त्यानं खरी टोचली, कितीदा तरी टोचली. दुखणं परत आलं ते आलंच. आईनं त्याला कधी बोल लावला नाही, पण तो आमच्याकडं आला की खाली मान घालून चहा प्यायचा.

मग त्याच्याच मणक्यात कॅन्सर शिरला. गोळ्या पुरेनात. आई हट्टानं नांदेडला आली, सोबत डबी. स्टुलावर बसून त्याच्या हाताला एकेक सुई टेकवत राहिली. "दहात किती, बाळा?"

"दोन, मावशी."

तिचा चेहरा खुलला. ती बाहेर गेल्यावर तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "दहाच हाय रे. कळल्यावर कशाची लागू पडती? मावशीचा गुणबी मीच सांगून घालवला." तीच आमची शेवटची भेट.

डबी अजून कोनाड्यात आहे. दिवेलागणीला गुडघे धरून आई रोज विचारते, "त्या दिवशी त्याला उतार पडला व्हता ना रे?"

"हाव, दोनवर आलं होतं."

"मंग बरं," म्हणते आणि गुडघे चोळत बसते. आईला वाचता येत नाही, म्हणून तर हे पेपरात लिहायला धजलो. गल्लीत बजावून ठेवलंय, आजचा पेपर तिला कुणी वाचून दाखवायचा नाही.