घोडपदेवचे अध्यक्ष महाराज

आमच्या घोडपदेवच्या चाळीत दुसऱ्याचं बोलणं मध्येच न तोडणारा एकच माणूस होता, आमचे काका. चाळीत हा गुण समजला जात नाही. इथे दोन बायका बोलत असल्या की वाक्य तिसरी पूर्ण करते आणि चौथी त्याला फोडणी देते. काका मात्र समोरचा पुरता थांबेपर्यंत गप्प, आणि तो थांबल्यावरही जरा वाट बघून मग तोंड उघडणार. भाजीवाला वैतागून म्हणायचा, "काका, बोलो ना, पीछे लाइन लगी है!"

ही खोड नोकरीची होती. काका तीस वर्षं विधानमंडळात प्रतिवेदक होते. म्हणजे सभागृहाच्या मधोमध बसायचं आणि जो जे बोलेल ते लघुलिपीत उतरवून घ्यायचं. आमदार गरजायचे, बाकं वाजवायचे, आणि काका मान खाली घालून लिहायचे. "एवढी वर्षं तिथे काढली, पण त्या कामकाजात माझा एक शब्द नाही," असं ते हसत सांगत. मला तेव्हा ते हसण्यावारी न्यावंसं वाटे. आता वाटत नाही.

शाळा मोबाइलवर आली त्या वर्षी त्यांनी दर रविवारी सकाळी अकराला शाळकरी मुलांसाठी मोबाइलवरच वर्ग सुरू केला. विषय, संसद कशी चालते. फी नाही. फुकट म्हटल्यावर लालबाग-परळचे पालक आधी बिचकलेच. माझ्या बाबांनी तर भाकीत केलं, "बघ, दोन रविवार शिकवतील आणि तिसऱ्या रविवारी पॉलिसी गळ्यात मारतील." पॉलिसी काही आली नाही. विधेयक आलं, शून्य प्रहर आला, आणि पुस्तकात एका ओळीत संपणारा प्रश्नोत्तराचा तास खरोखर तासभर चालू लागला.

तो वर्ग नव्हताच, सभागृह होतं. आम्ही सन्माननीय सदस्य, मंत्री दर आठवड्याला नवे, काका कायमचे अध्यक्ष. एकमेकांशी थेट बोलायचं नाही, जे काय असेल ते अध्यक्षांना सांगायचं. "दिल्लीत अध्यक्ष महोदय म्हणतात, आपल्या विधानसभेत अध्यक्ष महाराज. माझ्या कानाला महाराजांची सवय, तेव्हा तेच म्हणा." लालबागच्या एका मुलीच्या आजीने ते आतून ऐकलं आणि कोणी सत्पुरुष प्रवचनाला आलेत असं समजून फोनपुढे उदबत्ती लावून हात जोडून बसली. काकांनी तिला वाकून नमस्कार केला, "प्रेक्षक गॅलरीतल्या आजींचं सभागृह स्वागत करतं" म्हणाले, आणि कामकाज पुढे चालू. हा किस्सा चाळभर झाला आणि त्यांना नावच पडलं. काकू मालवणच्या. त्या आतून ओरडायच्या, "अध्यक्ष महाराज, दूध उतू गेला, सभागृहान दखल घेवची!"

आता माझं सांगते. मी तेव्हा नववीत होते. मी बोलताना अडखळते, त्यातही 'म' माझा वैरी, आणि आईबाबांनी नाव ठेवलं मृणाल. माझी वाक्यं तोवर इतरांनीच पूर्ण केलेली. 'म... म...' केलं की, काय, मदत हवी? मग घ्या मदत! मला मिरची हवी असायची. त्यामुळे वर्गात माझा माइक बंद, सगळं चॅटवर. काका एकदा म्हणाले, "चॅट म्हणजे चिठ्ठी. चिठ्ठी सभागृहात फिरते, पण कामकाजात येत नाही. मृणाल, प्रश्न बोलून विचारावा लागतो."

माझ्याकडे प्रश्न होता. आमच्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती. एक जण आत गेली की दुसरीने बाहेरून दार धरायचं. दार धरायला कोणी नसलं तर काय, म्हणून आम्ही कित्येक जणी दिवसभर पाणीच पीत नसू. शाळा पुन्हा उघडणार होती आणि ते दार तसंच असणार होतं. हे कोणी घरीसुद्धा मोठ्याने बोललेलं नव्हतं.

त्या रविवारी मी माइक उघडला. "अध्यक्ष महाराज, म... म..." 'मुलींच्या' काही येईना. कोणीतरी फिसकन हसलं. शीव कोळीवाड्याचा एक मुलगा त्या दिवशी शिक्षणमंत्री होता. तो म्हणाला, "सर, हिचं नेट गेलं वाटतं. पुढचा प्रश्न घ्या ना."

काका शांतपणे म्हणाले, "नेट गेलेलं नाही. सन्माननीय सदस्यांचं भाषण चालू आहे."

पडद्यावर तीसेक चेहरे वाट बघत होते. किती वेळ गेला कोण जाणे. मला तर परीक्षेचे तीन तास वाटले. पण मला कोणी शब्द पुरवला नाही. मग 'मुलींच्या' आलं, त्याच्यामागून स्वच्छतागृह आलं, कडीही आली. मंत्रिमहोदयांच्या शाळेतही तीच रड होती, हे त्यांनी प्रांजळपणे कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी त्या कामकाजाचा टाइप केलेला कागद पाठवला. त्यात माझा प्रश्न एका सलग वाक्यात. मी तशीच त्यांच्या खोलीवर गेले. म्हटलं, "काका, मी केवढी अडखळले, ते यात कुठे आहे?"

"अगं, तीस वर्षं भल्याभल्यांचं अं-अं गाळलंय मी. तुझं तेवढं कशाला ठेवू? सदस्य काय म्हणाले ते लिहितात, किती वेळात म्हणाले ते नाही." मी घरी येऊन खूप रडले. बरं वाटलं म्हणून रडले.

शाळा उघडायच्या आधीच काका गेले. चार दिवसांचा ताप, आणि संपलं. टाळेबंदीमुळे शेवटचं दर्शनही धड कोणाला झालं नाही. मला त्याचा अजून राग येतो, कोणाचा ते सांगता येत नाही.

शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात मी मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. एकटीच. खूप वेळ लागला, पण सगळं सांगितलं. पुढच्या सोमवारी दाराला कडी लागली.

त्या संध्याकाळी काकूंकडे गेले आणि कडी लागल्याचं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबवून त्यांनी विचारलं, "आणि बाईंका कोणी सांगल्यान गो?"

'मी' एवढंच म्हणायचं होतं. पण तो 'म' अडकला तो अडकलाच. काकूंना उत्तर केव्हाच कळलं होतं, डोळे भरून आले होते. तरी त्या थांबल्या.