मेनस्विच सर

शिकवता शिकवता सर उठायचे, दाराशी जायचे आणि मेन स्विच खाली ओढायचे. सगळे पडदे एकदम काळे. कुणाचं पान अर्धं टाइप झालेलं, कुणाचं पूर्ण, सगळं गेलं. एखादी मुलगी रडायला लागली की तिच्याजवळ जाऊन म्हणायचे, "रड गो, रड. रडून फाइल येत नाय. सेव्ह करायला काय तुझी आत्या येणारे?" शहापूरच्या बाजारपेठेत, कापडदुकानाच्या माडीवर त्यांचा कम्प्युटर क्लास होता, आणि अख्खा तालुका त्यांना मेनस्विच सर म्हणायचा. खरं नाव फक्त पाटीवर होतं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. भारनियमनाने उच्छाद मांडला होता. लाइट जायची ती तासन्‌तास, आणि कम्प्युटरला लावलेली बॅटरी तेवढी टिकायची नाही. सरांचं म्हणणं, लाइट जाणारच आहे तर माझ्या हातून जाऊ दे, निदान सवय तरी लागेल. सवय लागली हे खरं. आजही मी दोन ओळी लिहिल्या की हात आपोआप सेव्हकडे जातो, आणि मनात एक शिवी उमटते. ती त्यांच्यासाठीच.

क्लासात शिकवायला आम्ही दोघी होतो, मी आणि सुनंदा. नावाने हाक मारणं सरांना जड जायचं. मी खर्डीची, म्हणून मी 'खर्डी'. सुनंदाचं गाव मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या पायथ्याशी, म्हणून ती 'सिद्धगड'. "सिद्धगड, गडावरनं उतरलीस ती अक्कल वर ठेवून आलीस काय?" असं भर वर्गात विचारायचे. पोरं हसायची. सुनंदाही हसायची, आणि मला तिचाच राग यायचा. मला बोलले की मी उलट बोलायचे. मग सर खूश व्हायचे, ते आणखी वाईट.

क्लासातले जुने कम्प्युटर रोज एक याप्रमाणे आजारी पडत. शेवटी सरांनी एक दणकट सर्व्हर आणला. पोरांनी वापरायचे सगळे विंडोज त्या एकट्याच्या पोटात चालवायचे, आणि जुनी खोकी नुसती पडदा आणि कीबोर्डपुरती ठेवायची, असा बेत होता. त्यासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. तो शब्द सरांनी जन्मात उच्चारला नाही. ते त्याला 'पोटातलं' म्हणायचे.

पोटातली दोन मिळत होती, दोन्ही फुकट. एक सर्व्हरवरच्या विंडोजवर बिऱ्हाड करून राहणारं. बसवायला सोपं, रंगीत खिडक्या, कुणालाही जमेल असं. दुसरं थेट कोऱ्या मशीनवर बसणारं. खिडकी नाही, चित्र नाही, काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करत बसायचं, आणि एक अक्षर चुकलं की पहिल्यापासून. सरांनी सोपं सुनंदाला दिलं, अवघड मला. मग चहा पिता पिता म्हणाले, "आता मशीन एक, तर माणूस पण एक. जिचं पोटातलं टिकंल ती टिकंल. दुसरीनं घरी जायचं."

घरी जायचं म्हणजे काय, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझ्या बापाने अट घातली होती, नोकरी आहे तोवर लग्नाचं बोलत नाही, नोकरी गेली की दुसऱ्या दिवशी स्थळं. सुनंदाकडेही तेच. त्या दिवसापासून आम्ही दोघींनी डबा वेगवेगळा खाल्ला.

दोघींचं पोटातलं आठवडा-आठवडा चालवून बघायचं ठरलं; आधी तिचा आठवडा झाला. पोरं मजेत काम करत होती, आणि सरांनी मेन स्विच ओढला. वर सर्व्हरच्या बॅटरीची वायरही उपटली. लाइट परत दिल्यावर काही पडदे नीट उजळले, काहींवर चित्र आलं पण कीबोर्ड मेलेला, आणि एका मुलीचा सगळा प्रकल्प गायब. सर एका गोठलेल्या पडद्यासमोर उभे राहिले. "मेलेलं परवडलं," म्हणाले. "मेलं की माणूस दुसरं बघतो. हे अर्धवट उठलेलं. याला जाळता पण येत नाय नि जेवू पण घालता येत नाय."

मग माझा आठवडा. मी रडकुंडीला येऊन ते बसवलं होतं. सरांनी पुन्हा पुन्हा वायर उपटली, आणि दर वेळी सगळे विंडोज निमूट उठले, जिथे सेव्ह केलं होतं तिथपासून. मी सुनंदाकडे बघितलं नाही. बघायची गरज वाटली नाही, इतकी मी खूश होते.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "खर्डी, तुझं पोटातलं ठेवलं. सिद्धगड राहील, तू उद्यापासून येऊ नको."

मला वाटलं चेष्टा करतायत. "का?"

"ते आपलं आपण उठतं. त्याला तू कशाला? वाईट केलं असतंस तर रोज लागली असतीस." एवढं बोलून ते वर्गात गेले.

घरी स्थळं सुरू झाली. त्यातल्या एकाला पोहे देऊन मी ठाण्याला मुलाखतीला गेले. तिथेही हाच प्रश्न: सर्व्हरवर डेस्कटॉप चालवायचे तर या दोन्हींतलं कुठलं घेशील? मी म्हटलं, आधी वायर कुठंय ते दाखवा. नोकरी लागली. लोक म्हणतात, सरांनी तुझ्या भल्यासाठीच काढलं. डोंबलाचं भलं. माझं काम झालं आणि त्यांनी मला काढलं, इतकं सरळ आहे ते. तरी इतकं चोख मला कुणी शिकवलं नाही, हेही तितकंच सरळ. आता माझ्या हाताखालच्या पोरांची वायर मी न सांगता उपटते, आणि ती मागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे.

काही वर्षांनी सरांना अर्धांगवायू झाल्याचं कळलं तेव्हा मी शहापूरला गेले. क्लासाच्याच मागच्या खोलीत खाट होती. बायको मागेच गेलेली, मूलबाळ नाही. सुनंदा शेजारी बसून चमच्याने पेज भरवत होती. पलीकडे वर्ग चालू होता, माझं पोटातलं अजून चालत होतं. सुनंदा म्हणाली, "तू केलंस तसंच आहे, हात लावावा लागला नाय कधी." मला आनंद व्हायला हवा होता.

सरांचं तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे मात्र तेच. मला बघून म्हणाले, "खर्डी. अर्धवट... उठलो."

मला राहवलं नाही. "सर, अर्धवट उठलेल्याला जेवू घालता येत नाही म्हणाला होतात."

त्यांनी डोळ्यांनी सुनंदाकडे खूण केली. "ही घालते. म्हणून ठेवली." दम घेतला. "तू असतीस... तर एव्हाना... मेन स्विच."

सुनंदाने त्यांची हनुवटी पुसली आणि म्हणाली, "काय पण बोलता सर, गिळा गप." मग तिने माझ्याकडे बघितलं, मी 'नाही हो सर' म्हणेन म्हणून. मी म्हणाले नाही.