बोटी किती गेल्या होत्या?

हमीदचाचा मासळी बाजारात शिरले की मासेवाल्या एकमेकींना डोळ्यांनी खुणावायच्या. हा माणूस आधी भाव विचारायचाच नाही. टोपलीत बांगडा चकाकत असायचा, बाई ओरडत असायची, "चाचा, आज बांगडा पडलाय नुसता, घेऊन टाका!" आणि चाचा छत्रीच्या दांड्यावर हनुवटी टेकवून शांतपणे विचारायचे, "बोटी किती गेल्या होत्या?"

"मी काय बोटी विकायला बसलेय?" बाई करवादायची.

"तसं नाय गं. काल दहा गेल्या नि आज चाळीस गेल्या, तर बांगडा वाढला नाय, बोटी वाढल्या. एवढंच विचारतोय. दे सहा."

चाचा आमचे शेजारी. आमच्या दोन घरांच्या मध्ये चिऱ्यांचा एक गडगा, तोही कमरेएवढा, त्यामुळे शेजार कसला, एकच अंगण म्हणायला हरकत नाही. सरकारी नोकरीत त्यांचं सगळं आयुष्य बंदरावर उतरणारी मासळी मोजण्यात गेलं. सगळीच्या सगळी मासळी मोजणं कुणालाच शक्य नसतं. आलेल्या बोटींतल्या काही निवडायच्या, त्यांच्या टोपल्या मोजायच्या, आणि एकूण बोटींवरून अंदाज बांधायचा, अशी ती पद्धत. त्यामुळे मासळीच्या आकड्याशेजारी बोटींचा आकडा नसला की तो त्यांना सदरा घालून लेंगा विसरलेल्या माणसासारखा दिसायचा.

एका वर्षी मासळीचा आकडा भरघोस वाढला. साहेब खूश, वर अहवाल जायचा होता. चाचांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'या वर्षी मोजणी एका जास्तीच्या धक्क्यावर झाली आहे.' साहेब म्हणाले, "एवढं लिहायलाच हवं का?" चाचा म्हणाले, "साहेब, मासा तोच हाय. आपण दुसऱ्या खिडकीतनं बघितला." त्या साहेबांनी त्यांना पुढे कधी चहा पाजला नाही, हे ते फार अभिमानाने सांगायचे.

मी विमा एजंट. आकडा सांगून माणसाला घाबरवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. शिवाय आमच्या घराण्यात लग्न असो, बारसं असो, माईक माझ्या हातात येतो. आत्याच्या साठीला मी अर्धा तास बोललो होतो. आत्या झोपली होती, पण बाकीचे हसत होते. बायको म्हणते, "यांना चार माणसं ऐकायला मिळाली की पाचव्याचा बळी जातो." ही तिची थट्टा होती. पुढे ती खरी होईल, असं तिलाही वाटलं नसेल.

आमच्या रहिवासी संघाच्या सभागृहाला लागून एक खोली आहे. तिथे व्यसन सोडू पाहणाऱ्यांसाठी दर गुरुवारी एक केंद्र चालायचं. एक मॅडम यायच्या, सात-आठ जण गोल करून बसायचे. त्यांत चाचांचा भाचा तन्वीर होता. आखातातून परत आलेला, पस्तिशीचा, हातात कसब असलेला एसी मेकॅनिक. गर्दच्या पुडीच्या नादाला लागून त्याने दोन नोकऱ्या घालवल्या होत्या. केंद्रात यायला लागल्यापासून तो सुधारत होता. मला हे सगळं माहीत होतं, कारण गुरुवारी संध्याकाळी तो खोलीतून बाहेर पडून मामाकडे येईपर्यंत चाचा गडग्याशी उभे असायचे, आणि मी त्यांना सोबत करायचो. तो कोपऱ्यावर दिसला की चाचा म्हणायचे, "आला. आजचा दिवस झाला." पुढच्या दिवसाचं ते काही बोलायचे नाहीत.

मग शहरात अमली पदार्थांच्या बातम्या वाढल्या. संघातल्या काहींनी ठराव आणायचं ठरवलं. एक, कायदा कडक करा, ज्याच्याकडे पुडी सापडेल तो सरळ आत, समुपदेशन वगैरे लाड नकोत, अशी सरकारकडे मागणी. दोन, आपल्या खोलीतलं केंद्र बंद, कारण 'असली माणसं' आपल्याकडे नकोत. आणि ठरावावर बोलणार कोण? माईक कुणाच्या हातात शोभतो?

मी जिल्ह्यातल्या अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचा आकडा मिळवला. तो इथे लिहीत नाही. मला आता तो उच्चारवत नाही. आदल्या वर्षीच्या मानाने तो चांगलाच फुगला होता, एवढं पुरे. मी तो गडग्यावरून चाचांना ऐकवला. त्यांनी कांद्याची पात निवडता निवडता विचारलं, "गाड्या किती तपासल्या?"

"म्हणजे?"

"आदल्या साली पोलीस किती वेळा शोधायला गेले नि या साली किती वेळा? बोटी सांग रे, विनू. मासळी मला दिसतेय."

मी चिडलोच. पण उत्सुकतेला औषध नाही. ओळखीच्या एका हवालदाराला विचारलं. तो हसला. "अहो, आधी बघत होतं कोण? या वर्षी स्वतंत्र पथक दिलंय. हायवेवर हातखंब्याला तपासणी नाका बसवलाय, गाडी न् गाडी बघतायत. सापडणारच." मी ते घरी येऊन चाचांना सांगितलं. ते म्हणाले, "बघ. कदाचित धंदा वाढलाही असेल, मी नाय म्हणत नाय. पण या आकड्यावरून ते कळत नाय. सभेत हे सांगशील ना?"

"सांगेन की," मी म्हणालो. त्या क्षणी मी खरंच सांगणार होतो. माझ्या बाजूने बोलण्यासारखं एवढंच आहे, म्हणून लिहून ठेवतो.

सभेला सभागृह भरलं होतं. तन्वीर तेवढा आला नव्हता. आधी केंद्राच्या मॅडम उठल्या. इथला कार्यक्रम पूर्ण करणाऱ्यांपैकी बहुतेक सगळे व्यसनातून सुटतात, असं त्यांनी सांगितलं. लोक जरा निवळले. तेवढ्यात चाचा उठले. मला वाटलं, आता ते दुजोरा देणार. भाच्याचं सगळं त्या खोलीवर अवलंबून होतं.

"मॅडम, मधेच सोडून गेले, ते यात धरलेत काय?"

मॅडम गोंधळल्या. मग त्यांनी खरं सांगितलं. "नाही. ते धरलेले नाहीत. आणि तेही बरेच आहेत."

"मग सुटतात किती, ते या आकड्यावरून कळत नाय," चाचा म्हणाले. "खोली राहू दे असंच माझं म्हणणं हाय. पण चुकीच्या आकड्यावर नको." आणि ते बसले. सभागृहात कुजबुज सुरू झाली. स्वतःच्या माणसाच्या पायाखालची फळी या म्हाताऱ्याने स्वतः काढली होती, का, तर ती फळी त्याला मजबूत वाटत नव्हती.

मग मी उठलो. आकडा सांगितला. तो कसा सांगायचा, आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचं, हे मला वीस वर्षांच्या धंद्याने शिकवलं आहे. पुढच्या रांगेतल्या बायका हळहळल्या. मला ते आवडलं. नाक्याचा मुद्दा मनात होता, पण तो सांगितला असता तर ती हळहळ विरली असती. मी तो पुढे ढकलत राहिलो आणि भाषण संपवलं.

चाचा पुन्हा उठले. "विनू, तू चौकशी करून आलास ना? आदल्या साली तपासणी किती होती, या साली किती, ते सांग ना सगळ्यांना."

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. आणि मी म्हणालो, "तसं काही नक्की कळलं नाही, चाचा." तेवढं पुरेसं झालं नाही असं वाटून पुढे म्हणालो, "आणि ही काय बंदरावरची मासळी नाही, ही आपली पोरंबाळं आहेत. इथे टोपल्या मोजून नाही भागायचं!"

सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. चाचा काही क्षण उभे राहिले. ते माझ्याकडे बघत होते, रागाने नव्हे. हरवलेली वस्तू आपण इथेच ठेवली होती का, हे आठवत असल्यासारखे. मग खाली बसले. मॅडमचा आकडा चाचांनीच खोटा ठरवला, असं पुढच्या दोघा वक्त्यांनी सांगितलं आणि दोन्ही ठराव मंजूर झाले.

 घरी येऊन कुलूप उघडताना बायको म्हणाली, "तुम्हाला हवालदाराने सांगितलं होतं. मी चहा देत होते तेव्हा तुम्हीच चाचांना सांगत होतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा नेहमीसारखे वर्तमानपत्र न्यायला आले. मी ते पुढे केलं, माफीचं काहीतरी पुटपुटलो. ते घडी उलगडत म्हणाले, "तू खोटं बोललास, त्याचं मला एवढं नाय. पण त्या बाईनं चारचौघांत खरं सांगितलं, विनू. सजा तिला झाली. आता पुढच्या वेळी ती सांगेल काय?"  मी त्यांना पुरवणीही दिली.

केंद्र शहराबाहेर, हातखंब्याच्या पलीकडे पालीला गेलं. तन्वीर काही गुरुवार एसटीने गेला. मग काम सापडलं की जायचा नाही, मग काम नसलं तरी जायचा नाही. चाचा गडग्याशी उभे राहायचे. सोबतीला जायला मला तोंड नव्हतं, मी खिडकीतून बघायचो. आणि एका दुपारी पालीकडून येताना हातखंब्याच्या नाक्यावर त्याच्या खिशात पुडी सापडली. पोलिसांनी ती त्याच्यापुढे धरली तेव्हा तो नाही म्हणाला नाही. मी ज्या आकड्यावर टाळ्या घेतल्या होत्या, त्याच्या पुढच्या वर्षीच्या आकड्यात एक माणूस माझ्या ओळखीचा होता.

मी चाचांना म्हणालो, "मी संघात जाऊन सगळं सांगतो. तन्वीरचं काय झालं, तेही सांगतो."

"त्याचं नाव घेऊ नको," ते म्हणाले. "नाव घेतलंस तर लोक हळहळतील. तेव्हाही हळहळलेच होते. एका माणसावरून कायदा ठरवू नये, मग तो माझा भाचा असला तरी. तू फक्त नाक्याचं सांग."

मी सांगितलं. पुढच्या सभेत, शेवटच्या विषयात, लोक चपला शोधत असताना. सचिव म्हणाले, "जाऊ द्या हो विनायकराव, ठराव कधीच वर गेला. आणि तुम्ही त्या दिवशी काय सुंदर बोललात!" इतिवृत्तात माझी दुरुस्ती आली नाही. भाषण आलं होतं, 'आकडेवारीसह प्रभावी' असा शेरा देऊन.

गेल्या वर्षी पावसाळी बंदी उठून बोटी पुन्हा समुद्रात जायला लागल्या, त्या आठवड्यात चाचा गेले. छातीत कफ झाला होता, दवाखान्यात तीन दिवस काढले. तन्वीर तेव्हा जामिनावर सुटला होता. मामाला खांदा देता आला, एवढं त्याला मिळालं.

चाळीस दिवस झाल्यावर तो माझ्याकडे आला. वाळला होता, पण डोळे साफ होते. म्हणाला, "काका, मी परत पालीला जातोय गुरुवारी. आणि तुमचे आभार मानायचे राहिले. मामू सांगायचे, विनूनं हातखंब्याच्या नाक्याची चौकशी करून खरं काय ते मला आणून दिलं, असं दुसरं कोण करत नाय."

चाचांनी त्याला तेवढंच सांगितलं होतं. त्यांनी सांगितलेलं सगळं खरं होतं. बाकीचा अर्धा भाग त्यांनी माझ्यासाठी झाकून ठेवला होता. आयुष्यात एकदाच हा माणूस शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवून गेला, तोही माझ्यासाठी. तो तसाच ठेवणं मला सोपं होतं. मी तन्वीरला बसवलं आणि सभेत काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं. टाळ्यांसकट.

त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं,

"मामूंना ठाऊक होतं?"

"त्यांच्यासमोरच झालं."

"नि तरी तुमच्याकडे येत होते?"

"रोज."

तो उठला. "त्यांना जमलं, काका. मला नाय जमायचं."

मी त्याला दारापर्यंत सोडायला गेलो. आपल्याकडे कुणाच्या घरून निघताना माणूस 'येतो' म्हणतो. पायरी उतरताना तन्वीर 'जातो' म्हणाला.