डोंबिवली ते कळवा, आठ नंबरची बातमी घेऊन

डोंबिवलीहून कळव्याला स्कूटरने जायचं असेल तर सातच्या आत निघा. मानपाड्याहून कल्याण-शीळ रस्ता, शीळफाट्याला उजवीकडे, मग मुंब्रा बायपास. मेट्रोच्या कामामुळे खड्डे आहेत आणि बायपासवर कंटेनर डावीकडूनही घुसतात. तरी पाऊण तासात पोचता.

मी गेल्या शुक्रवारी निघालेलो. आदल्या संध्याकाळी ऑगस्टीनच्या बायकोचा, मेरीवहिनींचा फोन आला. "भाऊ, हे सहीच करत नाय. डॉक्टर बोलले, पाय नाय कापला तर माणूस जाईल. तुमचं ऐकतील."

ऑगस्टीन आणि मी कोलशेतला एकाच कारखान्यात फिटर, आणि कारखान्याच्या फुटबॉल संघात. तो मिडफिल्डला, मी गोलमध्ये. यंत्रं जर्मन होती. मॅन्युअल कुणाला वाचता येईना म्हणून मी जुना शब्दकोश घेऊन जर्मन शिकलो, कुठल्याही क्लासशिवाय. पुढे जर्मनीतल्या दुसऱ्या श्रेणीच्या फुटबॉलमधला एक मिडफिल्डर सापडला. पाठीत किंचित वाकून धावणारा, हुबेहूब ऑगस्टीन. आम्ही त्याला 'आठ नंबर' म्हणायचो. सोळा वर्षं त्याचा प्रत्येक सामना मी वहीत मिनिटांसह लिहिलाय. प्रत्येक नोंदीखाली 'ऑगस्टीनला सांगितले' आणि तारीख. गुडघ्याच्या दोन शस्त्रक्रियांनंतर तो परतला, तेही सांगितलं.

तिसरीनंतर परतला नाही. ज्या दिवशी त्याने निवृत्ती जाहीर केली, त्याच दिवशी ऑगस्टीन साखर वाढून काळी पडलेली पायाची बोटं घेऊन कळव्याच्या रुग्णालयात दाखल झालेला. आजाऱ्याला वाईट बातमी कशाला, म्हणून मी म्हटलं, "सराव चालू आहे." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाय कापायचं सांगितलं. हा त्यांना म्हणाला, "आमचा आठ नंबर तिसऱ्यांदा उठतोय, मी पण उठेन." तेव्हाच सांगायला हवं होतं. माझी एकही नोंद कधी चुकली नव्हती. आता खोटं बोललो हे कबूल करवेना, म्हणून दर रविवारी भेटीत तेच सांगत राहिलो.

कळवा वाटेतच लागतं. मी थांबलो नाही. खाडीपूल ओलांडून ठाण्याच्या नौपाड्यात गेलो. जर्मन बातमीची प्रिंट काढायची होती, असं स्वतःला सांगितलं. दुकान नऊला उघडतं. तोवर मिसळ मागवली, तर्री चांगली होती, पण अर्धी टाकली.

मग कोलशेत. आमच्या मैदानावर आता टॉवर आहेत. वॉचमनने हटकलं, "किसको मिलना है?"

"ग्राउंड देखना था."

"कौनसी विंग?"

परत फिरलो. वाचकांनी हा उलटा फेरा मारू नये. बघण्यासारखं काही नाही.

साडेअकराला कळव्याच्या रुग्णालयात पोचलो. ऑगस्टीनने उशीवरूनच विचारलं, "काय रे गोलकीपर? आठ नंबर उतरला का?"

मी कागद काढला.

"जर्मनमध्ये वाच आधी."

वाचलं. मग मराठीत सांगितलं: गुडघा संपला, जिने चढता येत नाहीत, खेळणं बंद.

"कधीची बातमी?"

"तीन आठवड्यांची."

"आणि मागच्या रविवारी तू काय बोललास?"

"सराव चालू आहे."

तो पंख्याकडे बघत म्हणाला, "एक मिनिट इकडचं तिकडे झालं तर माझ्यावर भुंकायचास, भाड्या." मग मेरीवहिनींकडे हात केला. "पेन दे गो."

सही झाल्यावर डॉक्टर मार्कर घेऊन आले आणि मांडीवर रेघ मारली. ऑगस्टीन म्हणाला, "गुडघा पण?"

"आलात तेव्हा वाचला असता, काका. आता वर पसरलंय."

ऑगस्टीनने माझ्याकडे बघितलं नाही. मेरीवहिनींनी बघितलं. डबा उघडून "जेवलात का?" विचारलं, आणि उत्तर द्यायच्या आत झाकण लावून टाकलं.

शनिवारी पाय काढला. ऑगस्टीन जिवंत आहे. फोन उचलत नाही.

शुक्रवारी मी थेट रस्त्याने पाऊण तासात घरी आलेलो. वही काढली. आठ नंबरच्या पानावर निवृत्तीची तारीख घातली, खाली 'ऑगस्टीनला सांगितले' आणि त्या दिवसाची तारीख. सोळा वर्षांत या दोन तारखांमध्ये दोन दिवसांपेक्षा जास्त अंतर कधी पडलं नव्हतं. या वेळी बावीस दिवस आहेत. खाडाखोड केलेली नाही.