भट्टीत ठेवलेलं पुस्तक

डोंगरावरच्या हेन्द्रे नावाच्या शेतघरातल्या मारेदला भट्टीची ऊब मोजायला घड्याळ लागत नसे. वाळक्या काटेरी झुडपांचा जाळ खाली बसला, राख लोटून काढली, की ती बाही कोपराच्या वर सारायची, उघडा हात भट्टीत घालायची आणि प्रभूची प्रार्थना म्हणू लागायची. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ या ओळीला हात बाहेर ओढावासा वाटला, की पाव आत सारायचा. ‘आम्हांस परीक्षेत आणू नको’ इथवर सोसलं, तर मनुकांचा गोड पाव. आणि ‘आमेन’ म्हणून झालं तरी हात सुखात असेल, तर ती ऊब कोकरांची. मार्चच्या बर्फात जन्मलेलं, गारठून लाकूड झालेलं कोकरू फडक्यात गुंडाळून ती भट्टीच्या तोंडाशी ठेवी. जरा वेळानं आतून बारीक आवाज आला, की म्हणे, “मेलेल्यातून उठले बरं का आमचे लाजरस!”

नवरा इदवाल स्लेटच्या खाणीत होता. पाटीचा दगड चिरून चिरून त्याच्या भुवयासुद्धा करड्या झालेल्या. पण घरी आला, हातपाय धुतले, ताकात कुस्करलेली ओटची भाकरी खाल्ली, की तो निराळाच माणूस होई. भिंतीतल्या फडताळातून तो पुस्तक काढी. वासराच्या कातड्याची पानं, त्यावर तपकिरी शाईनं लिहिलेली जुन्या कवींची कवनं. छापलेलं नव्हे, हातानं लिहिलेलं, आणि दुसरी प्रत कुठं नाही. इदवालच्या घराण्यात ते किती पिढ्या होतं, कुणाला ठाऊक नव्हतं. खाणीतल्या जेवणाच्या खोपटात त्यानं त्यातली कवनं म्हटली, की माणसं घास हातात धरून ऐकत.

आबेरिस्त्विथच्या मोठ्या ग्रंथालयातले प्रोबर्टसाहेब त्या पुस्तकासाठी दोनदा डोंगर चढून आले.

“इथं धूर आहे, ओल आहे, उंदीर आहेत,” ते म्हणाले. “आमच्याकडे ते सुखात राहील.”

“माझी आजी याच धुरात नव्वद वर्षं सुखात होती, साहेब. माझे डोळे मिटले की न्या.”

साहेब उतरून गेल्यावर मारेद म्हणाली, “अहो, देऊन टाका की. उद्या ते माझ्याच गळ्यात पडेल.”

“मी गळ्यात पडलो तेव्हा नाही कुरकुरलीस ती?”

डोळे मिटायची वेळ कुणाला वाटलं नव्हतं इतक्या लवकर आली. छातीत दगडाची धूळ होतीच, तिच्या मागून क्षय आला. इदवालनं खालच्या खोलीत अंथरूण धरलं, पुस्तकही तिथंच गेलं. पूर्वीपासून तो ते कागदी वह्यांत उतरवून काढत होता. आता हात कापू लागला आणि अर्ध्यावर लेखणी थांबली. जिभेनं बोट ओलं करून तो एकेक पान उलटी. तेही होईना, तेव्हा लूनेद उलटू लागली. लूनेद त्यांची एकुलती, अकरा वर्षांची. बापाच्या उशाशी बसून ती ते जुनं वळण वाचायला शिकली होती. मारेदला छापील बायबल येई, पण ही अक्षरं म्हणजे तिला चिखलात कोंबड्या नाचून गेल्यासारखी वाटत.

शेवटच्या दिवशी इदवालनं मारेदचा हात पुस्तकावर ठेवला. “आबेरिस्त्विथला पोचव. देवासमोर शब्द दे.”

तिनं दिला.

दफन झालं, आणि दुसऱ्याच दिवशी नर्स हम्फ्रीज दारात उभी राहिली.

“गादी, उश्या, त्यांचे कपडे आणि ते सगळं बाड. आजच्या आज जाळायचं. पोरगी खोकतेय ना?”

“सर्दी आहे तिला, नर्सबाई.”

“सर्दीच असू दे देवा. म्हणून तर जाळा म्हणतेय.”

अंगणात गादी पेटली. कपडे पेटले. वह्या आणि पुस्तक मात्र मारेद उराशी धरून उभी. चॅपेलची राखण करणारी शेजारीण बेती भिंतीपलीकडून सगळं बघत होती.

“टाक गं बाई! काय कवटाळून बसलीस? मेलेल्याला दिलेला शब्द मोठा का जितं लेकरू मोठं?”

“तो शब्द देवासमोर दिलाय, बेती.”

“मग देवालाच सांग की त्यातले किडे मारायला.”

बेती तणतणत निघून गेली, पण तिचं बोलणं मारेदच्या डोक्यात राहिलं. किडे मारायचे. आग किडे मारते ती उष्णतेनं, ज्वाळेनं नव्हे. आणि उष्णता तर तिच्या हातातली. तिनं सगळं बाड गोठ्याच्या माळ्यावर ठेवलं, लूनेदला तिकडं फिरकू दिलं नाही. शनिवारी रविवारचेही पाव भाजून झाले. तिनं भट्टीत हात घातला, परीक्षेच्या पुढच्या ‘वाइटापासून आम्हांस सोडीव’ इथवर सोसलं, आणि इदवालच्या वह्या आत ठेवल्या. संध्याकाळी काढल्या तर कडा तांबूस झालेल्या, अक्षर न् अक्षर जागेवर. ती चुलीपाशी गुडघ्यांवर बसली आणि तिनं देवाचे आभार मानले.

पुढच्या शनिवारी पुस्तकाची पाळी. ते जाडजूड, लाकडी पुठ्ठ्यांचं. जाड पावाला पातळ पावाची ऊब दिली तर तो आत कच्चा राहतो, हे कुठल्याही बाईला कळतं. आणि कच्चं राहून चालणार नव्हतं, कारण कच्चं राहिलं तर त्यात लूनेदचं मरण राहणार होतं. कागदाला जे बाधलं नाही, ते चामड्याला काय बाधणार? जितं कोकरू इथं जगतं, मग वासराचं नुसतं कातडं का टिकणार नाही? तिनं भट्टी जरा वाढती ठेवली. ‘आमची रोजची भाकर’ म्हणताना हात ओढून घेतला, पुस्तक आत सारलं आणि दार लावलं.

वास आला तेव्हाच तिनं ओळखायला हवं होतं. डुक्कर भाजताना त्याची कातडी आकसू लागली की येतो तसा वास. तिनं दार उघडलं. पुस्तक मुठीसारखं आवळलं होतं. पुठ्ठे तडकून बाजूला पडले होते, पानं एकमेकांत शिजून, मुरडून एकच काळपट गठ्ठा झाला होता. सुरी घातली तर नखाएवढा तुकडा टचकन उडाला. त्यावर अर्धं अक्षर होतं.

लूनेद मागं येऊन उभी होती.

“रडू नकोस ना आई. मला येतं सगळं. बाबांना किती वेळा म्हणून दाखवलंय.” आणि ती म्हणू लागली. दोन ओळी झाल्या नाहीत तोच खोकल्याची उबळ आली आणि रुमालावर लाल ठिपका उमटला.

त्या दिवसापासून मारेदनं तिला बोलू दिलं नाही. नर्सनंच सांगितलं होतं, छातीला विसावा द्या. पोर उशीला टेकून हळूच सुरू करी, “आई, ऐक ना, पुढचं असं आहे…”

“गप्प पड, राणी. बोललीस की उबळ येते. बरी झालीस की सगळं म्हण, मी बसून ऐकेन.”

“तोवर विसरले तर?”

“तू कसली विसरतेस, बापाची लेक!”

लूनेद कोकरांच्या दिवसांत गेली. त्या वर्षी हेन्द्रेची भट्टी थंडच राहिली. गावात कुणी म्हणालं, पुस्तकानं पोर नेली; कुणी म्हणालं, वेळीच जाळलं असतं तर. बेती मात्र रोज एक पाव उंबऱ्यावर ठेवी आणि परत जाई.

उन्हाळ्यात मारेदनं तो गठ्ठा आणि वह्या स्वच्छ चादरीत बांधल्या आणि आगगाडीनं आबेरिस्त्विथला गेली. प्रोबर्टसाहेबांनी गाठ सोडली आणि ते गठ्ठ्यावर वाकले.

“घरात आजार होता म्हणून भाजलंय, साहेब,” ती म्हणाली. “आता यातून कुणाला काही व्हायचं नाही.”

साहेबांनी गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला. “हे उघडणार नाही, बाई. पण टाकणारही नाही आम्ही. पेटीत ठेवू.”

“तिथं ऊब असते?”

“नाही. बारा महिने गार असतं.”

“बरं.”

त्यांनी वह्या चाळल्या, एकेक पान पुढं नेत शेवटच्या लिहिलेल्या ओळीशी थांबले. “इथवर आहे. निम्मं तरी बचावलं म्हणायचं.” मग त्यांनी मान वर केली. “पुढचं तुमच्याकडे कुणाला पाठ आहे का? थोडं चुकलं-माकलं चालेल. मी बसून उतरवून घेईन. आठ दिवस लागले तरी चालतील.”

मारेदनं रिकामी चादर घडी घालायला घेतली. चौपदरी झाली, आठपदरी झाली, पुढं घडी पडेना, तरी ती दाबत राहिली.

“होतं,” ती म्हणाली. “म्हणायला बघत होती. रोज बघत होती.”